देवदूताच्या पाठीवरचे जव

लापाचा पाय मातीत पडला तो चालता यायला लागलं त्याच साली. इम्प्रुनेता गावात तिच्या बापाचा रांजणांचा धंदा. तेलाचे रांजण, एकेक एवढा थोर की आत उभा राहून माणूस शिव्या देऊ लागला तर बाहेर नुसता घुमारा यावा. बाप रांजण वळायचा, भाऊ भट्टी लावायचे आणि माती तुडवायचं काम पोरींचं. थंडीत त्या चिखलात पाय घातला की कळ थेट कानात जायची. लापा रडली की आई म्हणायची, "रड, पर पाय थांबवू नगंस." तेवढीच तिची शाळा.

लग्न होऊन ती फ्लोरेन्सात आली. नवरा लिप्पो कापड कातरायचा. विणून, धुऊन, कुटून आलेलं लोकरी कापड टेबलावर ताणायचं आणि वरची लव हातभर लांब कातरीनं एकसारखी करायची, हा त्याचा धंदा. माणूस बरा होता. बोलायचा कमी, प्यायचा बेतानं. एका उन्हाळ्यात तापानं गेला. मागं राहिलं काय, तर ती कातर आणि कातरून पडलेल्या लोकरीच्या भुशाचं एक पोतं. पोरबाळ नव्हतं. घरमालकानं देवळातली मेणबत्ती विझेस्तवर दम धरला आणि मग कडी वाजवली.

लापानं पोतं पाठीवर घेतलं आणि सांता क्रोचेच्या देवळामागं नोफ्रीच्या मूर्तीच्या कारखान्यात नेऊन टाकलं. मूर्ती करणाऱ्यांना हा भुसा लागतो. मातीत मिसळला की माती धरून राहते, चिरत नाही.

मायेस्त्रो, म्हणजे उस्ताद, नोफ्री हा सेत्तिन्यानो गावच्या पाथरवटाचा पोरगा. नाव झालं, गिऱ्हाईक म्हणून मठाधिपती आणि सरदार दारात यायला लागले, तरी त्याची जीभ खाणीतलीच राहिली. भुवयांवर संगमरवराचं पीठ कायमचं बसलेलं. खोकला तर असा की रस्त्यावरचं कुत्रं उठून पलीकडं जाऊन बसायचं.

"काय हाय पोत्यात?"

"नवरा," लापा म्हणाली. "म्हंजे त्येची कमाई. लोकरीचा भुसा."

नोफ्रीनं पोत्यात हात घातला, चिमूट चोळून बघितली. "माती मळता येती का?"

"मी इम्प्रुनेताची हाय."

"म्हंजे येती."

एवढ्यावर तिची सोय लागली. कारखान्याच्या मागं, मातीचा हौद आणि भिंत यांच्या मधोमध एक खोली होती. पूर्वी तिथं चुन्याची पोती ठेवायचे. एक खाट बसायची, खाटेवर बसलं की गुडघे भिंतीला टेकायचे. खिडकी उघडली की तोफानो गाडीवानाचा तबेला. पण दाराला कडी होती आणि ती आतून लावता यायची. नवरा मेलेल्या, पोर नसलेल्या बाईला फ्लोरेन्सात दोनच जागा: भावाच्या घरातली चूल नाहीतर मठातलं धुणं. लापाला दोन्ही नको होतं. भावाच्या बायकोला ती ओळखून होती, आणि मठातल्या बायकांना पहाटे उठवतात हे तिनं ऐकलं होतं. तेव्हा ही खोली हातची जाऊ द्यायची नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी खाट झाडताना ठरवलं.

काम ओळखीचंच होतं. नदीकाठची माती हौदात भिजत घालायची, खडे वेचायचे. तोफानोच्या तबेल्यातली घोड्याची लीद वाळवायची, कुटायची, चाळायची. मग माती, लीद आणि लोकरीचा भुसा एकत्र करून लोखंडी दांड्यानं बडवायचं, लोण्यासारखं होईस्तवर. चाळणं मात्र चुकवायचं नाही. घोडं जव खातं ते अर्धं चावतं आणि अर्धं तसंच गिळतं. सबंध दाणा लिदीतून जसाच्या तसा बाहेर येतो.

नोफ्रीचं म्हणणं असं, की दगडाशी भांडण काढायच्या आधी मातीशी काढावं. माती शिवी विसरते, दगड विसरत नाही. म्हणून कुठलंही काम आलं की तो आधी वीतभर, हातभर उंचीचे कच्चे नमुने करायचा. तारेचा आणि काडक्यांचा सांगाडा, त्यावर मातीचे गोळे. भराभर, अंगठ्यानं. एक झाला की दुसरा. आवडला नाही की धप्पकन हौदात. काल जी माती संताची दाढी होती तिची आज एखाद्या देवीची मांडी व्हायची, आणि हौद ढवळताना लापाला त्याचं काही वाटायचं नाही. रांजणाच्या गावात वाढलेल्या बाईला माती म्हणजे माती.

जो नमुना पसंत पडेल तो फिरत्या पाटावर ठेवून ओल्या फडक्यांत गुंडाळायचा आणि पुढचं काम होईस्तवर ओला राखायचा. हे राखणं लापाकडं आलं. त्याला नियम एकच. ओलं ठेवायचं, बोट लावायचं नाही. मायेस्त्रोच्या मातीला दुसऱ्याचं बोट लागलं की तो माणूस त्या घटकेला बाहेर. गेरार्दो नावाचा एक चांगला शिकलेला कारागीर होता. त्यानं एका संताच्या पायाचा अंगठा जरासा गुळगुळीत केला. नोफ्रीनं तो अंगठा मोडून त्याच्या हातावर ठेवला. म्हणाला, "ह्यो माजा व्हता, आता तुजा झाला. घिऊन जा." गेरार्दो खरोखर तो अंगठा घेऊन गेला आणि गल्लीतल्या प्रत्येक गुत्त्यात दाखवत फिरला.

अशी काही वर्षं गेली. मग डोंगरावरच्या एका मठाच्या मठाधिपतीनं बागेतल्या कारंज्यासाठी बायबलातला याकोब देवदूताशी रात्रभर झुंजला ती कुस्ती मागितली. नोफ्रीच्या अंगात आलं. त्यानं लापाला हाक मारली. "माती दे. लई लागंल. आन उद्याच दे."

तो सान लुकाच्या जत्रेचा आदला दिवस होता. इम्प्रुनेताची जत्रा. सगळ्या मुलखातली घोडी, खेचरं, गाढवं तिथं येतात, आणि त्या साली लापाच्या धाकट्या भावाचं खेचर शर्यतीत पळणार होतं. वर्षात लापा कधीच चुकवत नसे अशी एकच गोष्ट होती, ती ही जत्रा. लीद कुटून झाली होती. चाळण भिंतीला टांगलेली होती. तिनं चाळणीकडं बघितलं, बाहेर उन्हाकडं बघितलं, आणि लीद तशीच मातीत लोटली. बडव-बडव बडवली, गोळे करून ओल्या पोत्याखाली झाकले आणि डोक्याला रुमाल बांधून निघाली.

त्या मातीचा नोफ्रीनं नमुना केला. चांगला उतरला होता. याकोबानं डोकं देवदूताच्या छातीत खुपसलेलं, पाय मागं रोवलेले. देवदूताचा एक हात याकोबाच्या मांडीच्या सांध्यावर, जिथं दाबून देवदूतानं त्याला अधू केलं. दुसरा हात नव्हताच. खांद्यातून नुसती तार बाहेर आलेली. तो हात कुठं ठेवावा हे नोफ्रीला ठरत नव्हतं. वर ठेवला तर देवदूत नाचतोय असं दिसायचं, खाली ठेवला तर भीक मागतोय असं.

"तू सांग गं. ह्यो हात कुटं जाईल?"

"पडायला लागल्याव हात आपसूक जातोय जितं जायाचा तितं," लापा म्हणाली. "इचारून कोण पडतंय?"

"तुला इचारून चुकलो."

तेवढ्यात काराराच्या खाणीतून निरोप आला की दगड निघालाय, येऊन बघा. नवी दारू उघडायचे दिवस होते. नोफ्री निघाला. जाताना त्यानं पुतण्याला बोलावलं. पुतण्या बिंदो रेशमाच्या पेढीवर कामाला होता. हातमोजे घालायचा, चिखलातून टाचा उचलून चालायचा. त्याला मागची खोली एका खोगीर शिवणाऱ्याला भाड्यानं द्यायची होती, आणि ते त्यानं लपवलंही नव्हतं.

नोफ्री दोघांसमोर बोलला. "ह्यो नमुना ओला ऱ्हायला पायजे. हात मी आल्याव लावीन. माती ओली हाय तवर खोली हिची. वाळली, तर खोली तुजी, बिंदो. आन बोट लावलंस, लापा, तर..."

"अंगठा मिळंल," लापा म्हणाली.

"आक्का हात मिळंल. एक कमी हाय, तेवडाच."

तो गेला आणि लापाचं खरं काम सुरू झालं. ओलं ठेवायचं म्हणजे पाणी मारायचं असं नाही. फडकं जास्त भिजलं की माती लोळागोळा होऊन बसते. कमी भिजलं की वाळून आकसते, आणि आतला सांगाडा काही आकसत नाही, मग चीर. जुन्या चादरीचं मऊ फडकं पाण्यात बुडवून, पिळून, झटकून, मातीला न दाबता नुसतं पांघरायचं. वर मेणकापड. दिवसातून कितीदा, ते हवेवर. वारा सुटला की ती हातातला घास खाली ठेवून उठायची.

बिंदो दर शनिवारी यायचा. बोट लावायची त्यालाही बंदी होती, म्हणून दोन चिमटीत फडक्याचं टोक धरून उचलायचा आणि लांबूनच वाकून बघायचा, एखाद्याच्या घरात डोकावल्यासारखा.

"काय मोन्ना लापा, ओली आहे ना अजून?"

"तुमच्या परास ओली हाय, बिंदोराव."

"खोगीरवाला विचारत होता. म्हणतो, खोलीत उजेड कसा आहे?"

"त्येला म्हणावं, उजेड न्हाई. वास हाय."

डिसेंबर असाच गेला. मग थंडी पडली. साधी नव्हे, हौदावर सकाळी साय धरावी तसा बर्फ धरलेला. सुकी माती थंडीला भीत नाही, ओली भिते. आतलं पाणी गोठलं की फुगतं, आणि ऊन लागून सुटलं की मातीची पापुद्र्यांसारखी सालं निघतात. रांजणाच्या गावात हे पोरासोरांना ठाऊक असतं. भट्टीच्या आधी थंडीनं खाल्लेले रांजण लापानं ढिगानं बघितले होते.

खोलीत चूल नव्हती. निखाऱ्याचं मडकं जवळ ठेवून बघितलं तर एक बाजू वाळायला लागली आणि दुसरी तशीच गार. ती पाट फिरवत बसली. फिरवता फिरवता तिची नजर खिडकीतून तोफानोच्या उकिरड्यावर गेली. सगळीकडं बर्फाची पिठी पडली होती आणि उकिरडा मात्र काळा, उघडा, वाफा सोडत बसलेला.

तोफानो गाडीवान घोड्यांना पाणी दाखवत होता.

"तोफानो, तुजा उकिरडा पायजे."

"सगळा? का थोडा?"

"ह्येला ऊब द्यायाची हाय." तिनं पाट उचलून आणला होता.

तोफानोनं मेणकापडाखाली डोकावून बघितलं आणि टोपी काढली. "मोन्ना लापा, ह्यो देवदूत हाय."

"हाय."

"देवदूत लिदीत घालनार?"

"येशू गोठ्यातच जलमला की."

"त्यो वर व्हता, गवताव. लिदीत न्हाई घातला कुनी."

"ह्यो बी वरच ऱ्हाईल. मधी फळी हाय. तू फावडं आन."

तोफानोनं उकिरड्याच्या डोक्यावर खड्डा केला. लापानं फळी टाकली, तीवर पाट, पाटावर फडक्यातली जोडी, आणि वरून एक अर्धं पिंप पालथं घातलं. भोवतीनं लीद लिंपली. रोज सकाळी पिंप उचलायची, पिंपाच्या आतला घाम पुसायची, फडक्याचं टोक चाचपून बघायची आणि पुन्हा झाकायची. आतून उबारा यायचा, ओल टिकून राहायची. फडकं पालटायची सुद्धा गरज नव्हती. उघडं करून गार हवा कशाला लावा, म्हणून ती आत बघतच नव्हती. मनातल्या मनात ती स्वतःवर खूश होती. त्या दिवसांत चेस्टनटच्या पिठाची भाकरी तिनं तोफानोलाही दिली, आणि ती काही कुणाला काही देणारी बाई नव्हती.

थंडी मोडली तेव्हा पिंप उचलून तिनं पाट कारखान्यात नेला, फडकं सोडलं.

याकोबाच्या खांद्यातून, देवदूताच्या बरगड्यांतून, काखेतून, मानेमागून बोटबोट लांब कोंब आले होते. अंधारात वाढलेले, पिवळे, बारीक, फडक्याखाली दबून वाकलेले. ज्या खांद्यातून नुसती तार निघाली होती त्यावर तर झुपकाच.

लापा बघत उभी राहिली. मग चाळणीकडं बघितलं. तिला काही वेगळं सांगावं लागलं नाही.

तोफानो मागून आला. त्यानं क्रूस केला, मग जवळ वाकून बघितलं, मग म्हणाला, "जव हायेत. माज्याच घोड्याचं."

"म्हाइत हाय."

"पाडून टाका. मांजरानं पाडलं म्हना."

"पडलं तर खोली गेलीच. कोंब आलं तर काय व्हतंय ते अजून कुनालाच म्हाइत न्हाई."

"मग उपटा."

तिनं एक उपटून बघितला. कोंबाबरोबर मुळं आली, मुळांबरोबर मातीचा खडा आला, आणि देवदूताच्या पाठीवर देवीच्या व्रणासारखी खळी पडली. ती बुजवायची तर बोट लावावं लागणार. आणि आपल्या अंगठ्याची रेघ नोफ्रीला लांबून ओळखू येईल हे तिला ठाऊक होतं. हा माणूस स्वतःचा अंगठा इतरांच्या तोंडापेक्षा चांगला ओळखायचा.

ती खोलीत गेली आणि खाटेखालून लिप्पोची कातर काढली. आयुष्यभर नवऱ्याला बघितलेलं होतं. पातं कापडाला सपाट टेकवायचं, दाबायचं नाही, हलकेच मिटायचं. तशीच तिनं देवदूताची पाठ कातरली. मातीला पोलाद लागलं, बोट लागलं नाही. कोंब गेले. नुसते बुडखे राहिले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिनं पुन्हा कातरले. जव असा हट्टी, की रात्र गेली की दाढी वाढलेली. ओलं ठेवावं तर ते वाढणार, वाळू द्यावं तर खोली जाणार. तिनं ओलं ठेवलं आणि कातरत राहिली.

शनिवारी बिंदो आला. फडक्याचं टोक उचललं आणि तसंच धरून राहिला.

"मोन्ना लापा. हे काय आहे?"

"काय?"

"देवदूताला दाढी आली आहे. पाठीवर."

"थंडीचं हुतं तसं," लापा म्हणाली.

बिंदोचा चेहरा सणासुदीसारखा उजळला. त्यानं फडकं अगदी जपून, नीट चुण्या करून परत घातलं. "मी काही बोलणार नाही. काकांनीच बघू दे. तुम्ही मात्र ओली ठेवा हं, अगदी ओली. येताना मी खोगीरवाल्याला घेऊनच येतो."

नोफ्री ईस्टर उलटल्यावर आला. दगड मागून बैलगाडीवर येत होता, हा खेचरावर पुढं. कारखान्यात शिरला तो एक हात हवेत धरून. उजवा हात पुढं, बोटं वळलेली, कुणाचा तरी पट्टा मागून पकडल्यासारखी. खाणीत दगड उतरवताना एका गड्याचा पाय सुटला होता आणि दुसऱ्यानं त्याला असा कमरेला धरला होता. तो हात नोफ्रीनं बघितला आणि वाटभर तसाच धरून आणला, विसरू नये म्हणून. लगाम डाव्या हातात. खेचर दोनदा भलतीकडं गेलं म्हणे.

बिंदो खोगीरवाल्याला घेऊन हजर होता. खोगीरवाला घाबरट माणूस. टोपी हातात घेऊन दाराशीच थांबला.

नोफ्रीनं डाव्या हातानं फडकं ओढलं.

"काका," बिंदो म्हणाला, "तुमचा देवदूत पिकाला आलाय. कापणीला माणसं सांगू का?"

"तू गप."

नोफ्रीनं बुडख्यांवरून अंगठा फिरवला, हनुवटीवरून फिरवावा तसा. मग माती कापायची तार घेतली, आणि कुणी काही म्हणायच्या आत जोडी सांगाड्याच्या कडेनं उभी कापली. आत मुळांचं पांढरं जाळं होतं, म्हातारीच्या केसांसारखं, सांगाड्याच्या काडक्यांपर्यंत गेलेलं. मधल्या गोळ्यात फुटलेले दाणे दिसत होते.

"ह्ये भायेरनं न्हाई आलं," तो म्हणाला.

"न्हाई."

"चाळली न्हाईस."

लापाला वाटलं असतं तर उकिरड्याकडं बोट दाखवता आलं असतं. पण दाणे समोर होते. "न्हाई," ती म्हणाली.

"का?"

"सान लुकाची जत्रा व्हती. भावाचं खेचर पळनार व्हतं."

नोफ्रीनं तिच्याकडं बघितलं.

"मग? जितलं?"

"मधीच बसलं."

"बसलं?"

"बसलं, ते उठंनाच. लोकांनी चौघांनी उचलून कडंला ठेवलं."

नोफ्रीच्या नाकातून फुर्रकन पांढरी पूड उडाली. हसला की शिंकला ते कळलं नाही. त्यानं जोडीचे दोन्ही अर्धे हौदात टाकले. "त्येचं काय न्हाई. दगड अरुंद निघाला. हे दोगं त्यात मावलंच नसतं." मग अंगावरची माती झटकल्यासारखं म्हणाला, "खोली शनवारपतुर मोकळी कर. वाळू दिली न्हाईस, बोट लावलं न्हाईस, समदं खरं. पर बिनचाळल्या मातीला खोली न्हाई. आन आता आदी एक घाणा मळून दे. चाळून. ह्यो हात निसटायच्या आत." उजवा हात अजून तसाच हवेत होता.

लापानं चाळण भिंतीवरून काढली, लिदीच्या टोपलीजवळ बसली, चाळण मांडीवर घेतली. आणि तशीच बसून राहिली.

"काय झालं?"

"आदी खोलीचं बोला."

"चूक हिची आणि अटही हिचीच!" बिंदो म्हणाला. "काका, ऐकताय का?"

"चूक माजी हाय, ह्ये मी न्हाई म्हनत न्हाई," लापा म्हणाली. "पर शनवारी मी जानारच असंन तर आज कशापायी मळू? ह्या बिंदोरावास्नी सांगा. हातमोजं हायेतच."

नोफ्रीचा दंड दुखायला लागला होता. त्यानं डाव्या हातानं उजव्याचं कोपर धरलं. "बरं. आता करीन त्यो नमुना भट्टीत जाईस्तवर ऱ्हा."

"मातीचं नगं. माती तुमच्या हातात. कवा तार फिरवाल त्येचा नेम न्हाई."

"मग कशाचं?"

लापानं विचार केला. तिनं मातीवर भरवसा ठेवून एक हिवाळा काढला होता. "तुमी जित्तं हाय तवर," ती म्हणाली.

इथं बिंदोनं तोंड उघडायला नको होतं. "ते एक बरं आहे काका," तो हसत म्हणाला, "तुमचं वय आणि तो खोकला बघता खोगीरवाला थोडं थांबेल."

खोगीरवाल्यानं टोपीकडं बघितलं.

नोफ्री हळूच वळला. "किती थांबंल?"

"नाही, मी आपलं..."

"चाळ गं," नोफ्री म्हणाला. "मी मरस्तवर ऱ्हा. आन तू, बिंदो, वाट बघ. उबा राहून बघ, बसून बघ."

लापानं चाळायला घेतलं. दाणे वर राहिले, ते तिनं मुठीनं उचलून तोफानोच्या कोंबड्यांना फेकले. माती मळून झाली तेव्हा नोफ्रीनं डाव्या हातानं गोळा घेतला, उजव्याच्या वळलेल्या बोटांत दाबला आणि मगच तो हात खाली घेतला. दंडात गोळे आले होते. संध्याकाळपर्यंत तो मधूनमधून शिव्या देत होता, देवदूताला की हाताला, ठाऊक नाही. मूर्ती पुढं झाली, मठात गेली. मठाधिपतीला कारंज्याचं पाणी पुरेसं उंच उडत नाही एवढीच तक्रार होती.

त्या दिवसापासून लापाचं काम मात्र बदललं. फडकी होतीच, पण आता राखायचा होता तो म्हातारा. संगमरवराची पूड त्याच्या छातीत बसलेली, आणि त्याला पावसात उघड्या अंगानं दगडावर उभं राहायची खोड. लापानं लोकरीची बंडी शिवली आणि त्याला घालायला लावली. सकाळी मेंढीच्या हाडांचा कढ, गरम. वाऱ्यात बसला की दार लावायची. खोकला वाढला की छातीला डुकराची चरबी चोळायला तोफानोला पाठवायची, स्वतः चोळायची नाही. लोकांना बोलायला एवढंही पुरतं.

"मला बी ओल्या फडक्यात गुंडाळ की," नोफ्री कुरकुरायचा.

"तुमास्नी कोरडंच ठेवायचं हाय. कढ घ्या."

"माज्यासाटी न्हाई करत तू ह्ये."

"न्हाई. खोलीसाटी करती. घ्या."

तो घ्यायचा. गल्लीत लोक म्हणायचे, नोफ्रीवर देवदूताची छाया आहे. बरोबरीचे पाथरवट पूड खाऊन कधीच गेले आणि हा अजून हातोडा चालवतोय. बिंदोचे केस पांढरे झाले. खोगीरवाल्यानं नदीपलीकडं दुसरी खोली बघितली.

मग एका हिवाळ्यात लापाच खाटेला लागली. तापच, नवऱ्याला आलेला तसाच. नोफ्री काठी टेकत हौदाच्या कडेनं आला आणि दारात उभा राहिला. आत जायला जागा नव्हती.

"कडी कशाला लावलीस? मोडाया लागली."

"माजी खोली हाय. लावंन."

"पानी देऊ?"

"द्या. आन दार लावून घ्या जाताना. वारा हाय."

ती दोन दिवसांनी गेली, त्याच खाटेवर. तोफानोनं आणि त्याच्या मुलानं तिला उचललं. दारातून आडवी निघेना, उभी करून काढावी लागली.

नोफ्री त्यानंतर फार राहिला नाही. बंडी कुठं ठेवलीय हे लापाला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. पहिल्याच पावसाळी वाऱ्यात तो उघडा दगडावर उभा राहिला आणि आठवड्यानं त्यालाही उचलून नेलं. कारखाना आणि मागची खोली बिंदोला मिळाली, भाडेकरू मात्र उरला नव्हता. त्यानं तिची भिंत पाडून हौद मोठा करायचा ठरवलं, पण माती मळायला माणूस मिळाला नाही.